किरण कटारच्या लाथा आणि समाजमंदिराची चाबी

ज्या कोणी पहिल्यांदा सांगितलं की किरण कटारच्या फाइट्स विग घातलेला पुरुष करायचा, त्याने तिचा एकही सिनेमा बसून पाहिलेला नाही. मोबाईलवर बोटाने पुढे ढकलत ढकलत पाहिला असेल. तू कुणीही अस. तुझ्या त्या एका वाक्यामुळे सौंदडच्या एकोणीस मुलींचा कराटेचा वर्ग बंद पडायला आला होता, एवढं तरी तुला माहीत असायला हवं.

किरण कटार कोण, हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. नव्वदच्या दशकात हिंदीत जे स्वस्तातले मारधाडीचे सिनेमे निघायचे, त्यांची ती हिरॉइन. पोस्टरवर हिरोचा चेहरा मोठा आणि कोपऱ्यात हिचा पाय. पण गुंडांना झोडपायची ती. मग एके दिवशी ती सिनेमातून गायब झाली. आता कुठे असते, कुणालाच माहीत नाही. आम्ही खूप शोधलं.

आम्ही म्हणजे तिघं. गोंदियात मोबाईल रिपेअरचं दुकान चालवणारा गुड्डूभाई, सौंदडला मुलींना कराटे शिकवणारी प्रमिला आणि मी. मी फुलचूरची, एम.ए. झालेली, कोचिंग क्लासमध्ये शिकवते. माझा स्वतःचा पाय कमरेच्या वर जात नाही. फॅन असायला तो जावा लागत नाही.

तिघं जमलो की कटारबाईंचे किस्से निघतातच. ते जमवायला कुणी बसलं नव्हतं. गुड्डूभाईच्या ड्रॉवरमध्ये जुने चार्जर साठतात, तसे साठले.

०००

गुड्डूभाईकडे फोनचा स्पीकर दुरुस्त झाला की तो टेस्टिंगला कटारबाईंच्या 'तूफानी ननद' मधली लाथ लावतो. प्रत्येक गिऱ्हाइकाला. ढिशुम्‌चा आवाज बाहेरच्या चहाच्या टपरीपर्यंत जातो.

एकदा एका कचेरीतले साहेब आले होते. चारचौघांत असला सिनेमा आपल्या फोनवर वाजतोय म्हणून ते संकोचले. एखादं चांगलं गाणं लावून बघा ना, म्हणाले.

गुड्डूभाईने मान वर न करता सांगितलं, "सर, गाने में स्पीकर का पता नहीं चलता. इसकी लात में चल जाता है."

साहेब पैसे देऊन गेले. दोन दिवसांनी परत आले. स्पीकर ठीक आहे, पण त्या सिनेमाचं नाव काय म्हणाला होतात?

०००

या सिनेमांवर हसणाऱ्यांना वाटतं, आम्हाला त्यातलं खोटं दिसत नाही. सगळं दिसतं. 'तूफानी ननद' मध्ये एकच गुंडा चारदा मरतो, तोही एकाच चेकच्या शर्टात. त्याचं नाव आम्ही 'कायम कर्मचारी' ठेवलंय. व्हिलनचा अड्डा म्हणजे सरळ सरळ राइस मिल आहे, मारामारीत कोंडा उडतो आणि गुंडे खरोखर खोकतात. गोंदियातला प्रत्येक दुसरा माणूस सांगतो की ती त्याच्या मामाची मिल होती.

पण कटारबाई पडते तेव्हा खरी पडते. खाली गादी नसते, कारण गादीचे पैसे नव्हते. हे ज्याला दिसत नाही त्याने आम्हाला सिनेमा शिकवू नये.

०००

एम.ए.ला मी सेमिनारसाठी हाच विषय घेतला होता. आमच्या सरांनी कागद परत केला. विषय दर्जेदार नाही, म्हणाले. या सिनेमांना कथाच नसते.

मी म्हटलं, "असते सर. सुरुवातीला तिला मारतात, शेवटी ती मारते. मधल्या भागात आम्ही सगळ्या आहोत."

वर्गातल्या मुलींनी बाकं वाजवली. सरांनी मला दहापैकी चार मार्क दिले. त्यांतला एकही मी वाढवून मागितला नाही.

०००

प्रमिलाची पहिली लाथ मामाच्या व्हीसीडी प्लेअरसमोर शिकलेली. नंतर ती गोंदियाला येऊन रीतसर कराटे शिकली, तिने पट्टे मिळवले. पण एक सवय सुटली नाही. कटारबाई प्रत्येक लाथेनंतर केसातली क्लिप नीट करते. प्रमिलाही करायची. केस बारीक कापलेले, क्लिप नव्हतीच, तरी हात कानामागे जायचा.

ब्लॅक बेल्टच्या परीक्षेला नागपूरहून परीक्षक आले होते. त्यांनी तीन लाथा पाहिल्या, तीनदा हात कानामागे जाताना पाहिला आणि विचारलं, ही कुठली स्टाइल?

"तूफानी ननद, सर. इंटरव्हलनंतरची."

पास केलं त्यांनी. आज सौंदडच्या एकोणीसच्या एकोणीस मुली लाथ मारून झाली की क्लिप नीट करतात. प्रमिलाने सांगून पाहिलं, मग सोडून दिलं.

०००

एकदा स्पर्धेहून परत येताना आम्ही कोहमाऱ्याच्या एका ढाब्यावर थांबलो. तिथे एक ट्रक उभा होता आणि त्याच्या मागच्या फळीवर चक्क किरण कटार! हवेत, एक पाय पुढे. पेंटरने नाक थोडं चुकवलं होतं, पण क्लिप जागेवर होती.

प्रमिला धावत ड्रायव्हरकडे गेली. तो खाटेवर बसून डाळभात खात होता. हे चित्र का काढून घेतलं, तिने विचारलं. तोही फॅन निघेल अशी आमची आशा.

तो म्हणाला, "पहले हीरो का फोटो था, बहनजी. सब ओव्हरटेक करते थे."

०००

आता सौंदडचा माझा पहिला दिवस. वर्गाचे फोटो काढायला मी प्रमिलाकडे निघाले होते. स्टेशनवरून गावात जायला शेतातून जवळचा रस्ता आहे, असं कुणीतरी सांगितलं. रोवण्याचे, म्हणजे धानाची रोपं लावायचे दिवस होते. मी शेताच्या अरुंद बांधावरून, धुऱ्यावरून, चालत होते, पाय घसरला आणि सरळ पाण्याने भरलेल्या वाफ्यात, बांधीत. नुकतीच लावलेली धानाची रोपं माझ्या चपलेखाली चिखलात गेली. बाहेर निघायच्या गडबडीत आणखी गेली.

पलीकडून एक म्हातारी बाई कंबर सरळ करत उठली. सकूबाई. तिची नात प्रमिलाच्या वर्गात आहे, हे मला नंतर कळलं.

"ए बाई, डोरे फुटले का तुहे? सकारपासून वाकून रोवना लावून राहिलो आमी, अन् तू चप्पलसकट घुसून राहिली?"

मी माफी मागत होते, तेवढ्यात दोन माणसं बोलत बोलत त्याच बांधीतून आडवी निघून गेली. चांगली दहा-बारा पावलं, रोपांवरून. सकूबाई त्यांना एक शब्द बोलली नाही.

माझं डोकं फिरलं. त्यांना काऊन बोलत नाही, मी विचारलं.

"ते गडी होत. त्यायनं कधी वाकून लावलं? त्यायच्या पायाले का समजते! तू तं बाई आयेस."

यावर मी तिथेच, गुडघाभर चिखलात, तिला स्त्री-पुरुष समानतेवर पाच मिनिटं ऐकवलं. तिने पूर्ण ऐकून घेतलं.

"झालं? आता धुऱ्यावरून जाय."

०००

तर तो विगवाला व्हिडिओ याच पावसाळ्यात आला. चष्मा लावलेला कुणीतरी हसत हसत सांगतो की त्या काळी बाया स्टंट करतच नव्हत्या, साडी आणि विग घालून पुरुष करायचे. उदाहरण म्हणून 'तूफानी ननद' मधला धावण्याचा सीन. गावाच्या ग्रुपवर तो फिरला आणि पुढच्या रविवारी वर्गाला अकरा मुली आल्या. त्याच्या पुढच्या रविवारी सहा.

वर्ग समाजमंदिरात भरतो. पावसाळ्यात दुसरी कोरडी जागा नाही. चाबी त्याच्या समितीचे अध्यक्ष भोजराजभाऊ यांच्याकडे. माणूस वाईट नाही, मुलींच्या पहिल्या स्पर्धेला त्यांनीच गाडी दिली होती. पण एका मुलीचं मनगट मुरगळलं होतं, आईबाप त्यांच्या दारात येऊन बसायचे आणि आता त्यांना कारण सापडलं.

"सिनेमातली बाईसुद्दा खरं नाही करत," ते प्रमिलाला म्हणाले, "तं आपल्या पोरीयचे हातपाय कायले तोडवतं?"

चाबी त्यांनी ठेवून घेतली. रविवारी पोरींच्या आयांना बोलावतो, त्या म्हणतील तसं.

प्रमिला गोंदियातल्या एका दुकानातली नोकरी सोडून या वर्गात उतरली होती. घरी तिच्या लग्नाचा विषय वर्गाच्या भिंतीला टेकून उभा होता. भिंत पडली की तो आत येणार होता. मला ती फोनवर इतकंच म्हणाली, "मी लाथ मारून दाखवतो गं, पण ते म्हणतील, तू येकटीच. बाकीच्या बायायचं ते काम नोहे."

०००

मी काय केलं? पॉवरपॉइंट केलं. बावीस स्लाइड्स. गुड्डूभाईने सिनेमा एकेक चित्र थांबवून कानाची छिद्रं, हाताची बोटं, मनगटावरचा तीळ मोठा करून दिला. त्याचा सगळ्यात लाडका पुरावा क्लिपचा. "विगवाला आदमी क्लिप क्यों ठीक करेगा? सोचो."

रविवारी दुपारी मंडपवाल्याचा मोठा टीव्ही समाजमंदिरात लागला. उजेड नको म्हणून खिडक्यांवर सतरंज्या टांगल्या. पंचवीस-तीस बाया खाली बसल्या, पाय चिखलाचे, थेट रोवण्यावरून आलेल्या. भोजराजभाऊ खुर्चीवर, चाबी समोरच्या टेबलावर. प्रमिला दाराशी उभी होती.

मी बोलायला लागले. सातव्या स्लाइडपर्यंत बाया आपसात बोलायला लागल्या होत्या. कानाची छिद्रं पाहून एक म्हणाली, माह्या भाच्याच्याही कानात आहेत. तीळ कुणाला दिसलाच नाही. शेवटी मी क्लिपचा पुरावा काढला आणि गुड्डूभाईचा प्रश्न मराठीत विचारला. विग घातलेला माणूस क्लिप का नीट करेल?

भोजराजभाऊ शांतपणे म्हणाले, "विग पडू नये म्हून."

सगळ्या बाया हसल्या. गुड्डूभाईसुद्धा हसला, हे मी त्याला अजून माफ केलेलं नाही. मी प्रमिलाकडे पाहिलं. ती हसत नव्हती. तिचा हात कानामागे गेला आणि तिथेच थांबला.

०००

भोजराजभाऊंनी चाबी उचलली. चला, कामं पडली आहेत, म्हणाले. मी गुड्डूभाईला म्हटलं, स्लाइड्स राहू दे, नुसता सीन लाव.

धावण्याचा सीन. तोच, ज्यावर त्या चष्मेवाल्याने बोट ठेवलं होतं. ऐन पावसाळ्यात शूट केलेला, सगळीकडे नुकतीच लावलेली धानाची शेतं. मागे सहा गुंडे, पुढे ती, साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली. गुंडे पाणी उडवत बांध्यांतून येतात. ती धुऱ्यावर, मग बांधीत, मग पुन्हा धुऱ्यावर. शेवटी गर्रकन वळते आणि ती लाथ. 'कायम कर्मचारी' तिसऱ्यांदा मरतो.

मी हा सीन शंभरदा पाहिलाय आणि शंभरही वेळा लाथेची वाट पाहत पाहिलाय.

लाथ झाली. मागून आवाज आला, "मांग घे."

सकूबाई होती. गुड्डूभाईने लाथ पुन्हा दाखवली.

"लात नोको दाखवू. धावते ते दाखव."

त्याने मागे घेतलं. सकूबाई उठून पुढे आली, बायांच्या मधून वाट काढत. टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन उकिडवी बसली आणि पदराने स्क्रीनचा खालचा भाग पुसला. वरचा तिने पाहिलाच नाही. सीन संपला.

"आखीन येक डाव."

आता आणखी दोघी-तिघी पुढे सरकल्या. टीव्हीवर गुंडे धावले, ती धावली. एक बाई दुसरीला कोपराने ढोसून खाली, तिच्या पावलांकडे बोट दाखवत होती, आणि दुसरी मान हलवत होती. मी स्क्रीनवर काय आहे ते शोधत होते आणि मला लाथेशिवाय काही सापडत नव्हतं.

सकूबाई गुडघ्यावर हात ठेवून उठली आणि भोजराजभाऊंसमोर जाऊन उभी राहिली.

"चाबी दे पोरीले. बाईच आये ते."

"काऊन मावशी?" भोजराजभाऊ म्हणाले. "कायच्यावरून?"

"गडी असता तं रोवना तुडवला असता."