न फोडलेलं शेवाळ

तो पितळी डबा आणि त्यातला हिरवा रंग माझ्या डोळ्यांपुढून अजून हलत नाही. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. नागपूर जिल्ह्यात मी नवीकोरी महिला सब-इन्स्पेक्टर होते. खाकी साडीला इतकी खळ घालायची की खुर्चीत बसताना आधी साडी बोलायची, मग मी. आपल्याला नुसतं पाहूनच गुन्हेगार कबुली देईल, असा माझा पक्का समज होता.

एका सकाळी हजेरी चालू असताना नरखेड तालुक्यातून एक बाई ठाण्यात आली. कडेवर पोर, हातात तो डबा. हवालदारांनी झाकण उघडलं आणि ते खुर्चीसकट मागे सरकले.

"काहून वं, हे काय आणलं?"

"पोरीची शी आहे साहेब. पहा, हिरवीगार."

"मंग दवाखान्यात जा ना! इथं शीचा पंचनामा करू का?"

"दवाखान्यातून जाऊन आली. जंत नाही म्हणते. बालवाडीत दूध बंद केलं अन् हिरवं पीठ देऊन राहिले. पोरगी खाते, पण अंगाले काही लागून नाही राहिलं. जसं जाते तसंच बाहेर येते. दूध मागतलं तं म्हणते, हे दुधाच्या वरचं आहे. मी कोणाले सांगू?"

पाकिटावरच्या पत्त्याप्रमाणे ते पीठ आमच्या हद्दीत, कळमेश्वरच्या एका कारखान्यात बनायचं. म्हणून ती एस.टी. बदलत आमच्यापर्यंत आली होती. सगळं ठाणं हसलं. मी हसले नाही, पण ते काही शहाणपणामुळे नव्हे; मी श्वास रोखून धरला होता. मग पोरीच्या दंडाकडे लक्ष गेलं. माझ्या अंगठ्यापेक्षा थोडासाच जाड.

"भेसळ!" मी थाटात जाहीर केलं. नुसता रंग घातलेला असणार. पिठाचा नमुना सील करून प्रयोगशाळेत पाठवला. अहवाल आला : भेसळ नाही, पाकिटावर लिहिलंय तसंच शुद्ध, खाण्याचं शेवाळ. साडीची खळ तेवढी ताठ राहिली, बाकी मी पार मऊ पडले.

"बाई, करायची का फाइल बंद?" हवालदारांनी विचारलं.

तेवढ्यात ती बाई पुन्हा हजर. डबा ताजा. या वेळी मी खरोखरच पंचनामा केला. पंचांनी एका हाताने नाक धरलं आणि दुसऱ्या हाताने सही केली. तो डबा आणि पीठ घेऊन मी नागपुरात एका कॉलेजातल्या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांकडे गेले. त्यांनी मला सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायला सांगितलं. पिठात मटारासारखे हिरवे गोल दाणे, आणि शीतही तेच, अख्खेच्या अख्खे.

"या शेवाळाच्या प्रत्येक पेशीला टणक कवच असतं. सत्त्व सगळं आत," ते म्हणाले. "कवच फोडलं नाही, तर पोटाला फारसं काही मिळत नाही."

आणि पाकिटावर ठळक छापलेलं होतं : फोडलेल्या पेशींचं सत्त्व!

कारखान्याचा मालक फार गोड बोलणारा. त्याने हौसेने चक्की दाखवली. पिंपात साबुदाण्याएवढ्या काचेच्या गोळ्या. शेवाळाच्या पाण्यात त्या गरगर फिरतात, घासतात आणि कवच फुटतं. मी झाकण काढायला लावलं, हात कोपरापर्यंत आत घातला. बाहेर काढला तो कोरा.

"मिरची कांडायच्या गिरणीत हात घातला, तर दोन दिवस डोळ्यांना लावायची सोय नसते," मी म्हटलं. "तुमच्या चक्कीतून माझा हात असा कसा आला?"

"धुतली आहे, मॅडम."

"आणि गोळ्या? बांगड्यांच्या दुकानातल्यासारख्या झळकताहेत. एकमेकींवर घासलेली काच अशी राहते? चालवा बघू."

चालवली. थोड्या वेळाने पिंप तापलं आणि आतून मळकट, काळपट हिरवं पाणी आलं. पाकिटातलं पीठ मात्र पोपटी. मी दोन्ही त्याच्यासमोर शेजारी शेजारी ठेवलं.

"चक्की चालवली की माल काळवंडतो," तो म्हणाला. "गिऱ्हाइकाला पोपटी रंग लागतो."

"आणि पोरांना?"

"त्यांना काय कळतंय, आत फुटलंय की नाही? विष तर नाही ना घातलं मी!"

आज इतक्या वर्षांनी हे लिहितानाही माझ्या मस्तकात तिडीक जाते. लेकरांच्या तोंडचं दूध काढायचं, त्यांना बंद कुलपं गिळायला लावायची, आणि वर म्हणायचं, विष नाही घातलं! फसवणुकीचा गुन्हा दाखल केला, आरोपपत्र गेलं. खटला कोर्टाच्या चालीने चालला. बालवाडीचं दूध मात्र लगेच सुरू झालं.

पिठात काय घातलंय ते मी शोधत बसले होते. गुन्हा मात्र न केलेल्या कामात होता. पुढे प्रत्येक तपासात मी दोन्ही प्रश्न विचारले : काय केलं, आणि काय करायचं सोडलं.

काही महिन्यांनी ती बाई पुन्हा ठाण्याच्या दारात उभी. हातात तोच डबा. हवालदार उठून थेट व्हरांड्यात.

"या ना साहेब, भिऊ नका! घासला आहे डबा. मुरमुऱ्याचे लाडू आहेत."

पोर आता कडेवर नव्हती. आईला म्हणे ती पेलत नव्हती. लाडू घ्यायला कोणी धजेना, मीसुद्धा नाही. मग पोरीनेच डब्यात हात घातला, एक लाडू उचलला आणि सगळ्या ठाण्याला ऐकू जाईल असा करकर फोडून खाल्ला.