ओट्यापाशी निळ्या चपला

दिल्लीला निघताना मी दोन वस्तू नव्या घेतल्या, एक लोकरीची शाल आणि पातळ तळाच्या नाजूक चपला. शाल उपयोगी पडली. चपलांनी मात्र मला रडवलं.

निजामुद्दीन स्टेशनवर माझा मुलगा निखिल घ्यायला आला होता. मयूर विहारच्या घरी सून मधुराने दार उघडलं, वाकून नमस्कार केला आणि उठताना भिंत धरली. पस्तिशीची पोर! दुसऱ्या दिवशी सकाळीही तेच. खोलीतून उशिरा बाहेर आली, पावलं जड, चेहरा ओढलेला. मी मनात म्हटलं, झालं! माझं येणं हिच्या जिवावर आलंय. खरं सांगते, फार लागलं मनाला. परतीचं तिकीट लवकरचं करून घ्यावं, इथवर माझी मजल गेली.

तिसऱ्या दिवशी दोघं ऑफिसला गेल्यावर मी एकटीच मेट्रोने लोदी बागेत गेले. जुने घुमट, हिरवळीवर कोवळं ऊन, पोपटांचा कलकलाट. फाटकाबाहेर शकरकंदी (भाजलेलं रताळं, वर लिंबू-मसाला) घेतली. दोन फेऱ्यांतच टाचा पेटल्या आणि मी बाकावर बसकण मारली. शेजारी माझ्याच वयाच्या एक बाई जाड तळाचे बूट घालून, बाकाची पाठ धरून टाचा वर-खाली करत होत्या. त्यांनी माझ्या चपलांकडे पाहिलं.

"बहनजी, इसके तले में तो कुछ है ही नहीं!"

मग त्यांनी मला पाय मांडीवर घेऊन बोटं आपल्याकडे ओढायला लावली. "सुबह बिस्तर से उतरने से पहले, रोज़. और घर में नंगे पैर (अनवाणी) बिल्कुल नहीं. मैं तो रसोई में भी चप्पल पहनती हूँ. पहले तो सुबह उठते ही दीवार पकड़नी पड़ती थी."

भिंत! रताळ्याचा तुकडा माझ्या हातातच राहिला. कपडे वाळत घालताना बाल्कनीत वॉशिंग मशीनच्या मागे मऊ निळ्या चपला दिसल्या होत्या मला. लग्न झाल्या झाल्या मीच मधुराला बजावलं होतं, "आपल्याकडे घरात चपला घालत नाहीत हं." मी विसरून गेले होते. ती विसरली नव्हती.

संध्याकाळी मधुरा आली, दारात बूट काढले आणि अनवाणीच ओट्याकडे निघाली. मी निळ्या चपला तिच्या पायांपुढे ठेवल्या.

"अहो आई, नको! डॉक्टरांनी सांगितलंय खरं, पण तुम्ही आहात तोवर..."

"मी आहे तोवर काय? दुखू द्यायचं? वेडी कुठली! घाल आधी. देवाला काय सांगायचं ते मी सांगते."

तिचे डोळे भरून आले. माझेही.

पुढचे चार दिवस सकाळी आम्ही दोघी पलंगाच्या कडेला बसून पायाची बोटं ओढत होतो. निखिल म्हणायचा, "अच्छा, शाळा भरली का?" त्यानेच मला जाड तळाचे बूट घेऊन दिले. ते घालून मी कुतुबमिनार आरामात पाहिला.

आता सांगलीला परतलेय. माझ्याही टाचा वर्षानुवर्षं दुखत होत्या. वयाचं दुखणं म्हणून मी सोडून दिलं होतं, आणि शिस्तीच्या नावाखाली तेच दुखणं सुनेच्या पायांत घातलं होतं. काल बाजारातल्या दुकानातून तिला फोन लावला.

"मधुरा, तुझ्या पायाचा नंबर काय गं?"

"का हो आई?"

"दिवाळीला येशील ना? माझ्या स्वयंपाकघरात काय अनवाणी उभी राहणार आहेस?"

पलीकडे ती हसली. मग हळूच म्हणाली, "सहा."