थंड इंजिनाची टिकटिक

"अहो, मले नका नेऊ आता. बस झालं."

बायकोने हे भिंतीकडे तोंड करून सांगितलं. तिच्या छातीत गाठ निघाली, ऑपरेशन झालं, आणि आता बुऱ्हाणपूरहून जळगावला जाऊन सलाईनमधून औषध घ्यायच्या खेपा चालल्या होत्या. मध्येच सोडलंत तर केलेलं सगळं पाण्यात, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आणि ती सोडायलाच निघाली होती. इच्छापूर येईस्तोवर तिचं डोकं फुटायला लागे, मुक्ताईनगरपाशी उलट्या, आणि जळगावात मी तिला अक्षरशः धरून उतरवत असे. औषधाचा त्रास आहे, सोसावा लागेल, असं जो तो सांगायचा. सांगणाऱ्याचं काय जातं!

माझी आई प्रत्येक वेळी दारापर्यंत येऊन म्हणायची, "तिले वारा लागू देऊ नको रे." आमच्याकडे बाळंतीण असो की आजारी माणूस, वाऱ्याइतका वैरी दुसरा नाही. म्हणून बायकोच्या कानाला घट्ट रुमाल, गाडीच्या काचा अगदी वरपर्यंत बंद, आणि गुदमरायला नको म्हणून बाहेरची हवा आत घेणारा ब्लोअर सुरू. इतकी काळजी घेऊनही ती दर खेपेला जास्तच खचत होती. मी शाळेत मुलांवर विनाकारण खेकसायला लागलो होतो.

मग एका खेपेला जळगावात तिचं रक्त तपासलं, पेशी कमी निघाल्या, आणि औषध न देताच आम्हाला परत पाठवलं. त्या दिवशी औषधाचा थेंब तिच्या अंगात गेला नव्हता. तरी येताना ती ओकली. घरी आल्यावर, ओसरीवर तासभर बसल्यावर तिला बरं वाटलं. माझंही डोकं ठणकत होतं. ते दर खेपेला ठणकायचं, मी त्याला काळजीचं डोकं समजायचो. तिथे माझ्या मनात पाल चुकचुकली.

आमची गाडी छोटी आणि जुनी. सकाळी थंड असताना सुरू केली की टिकटिक वाजायची, तापली की गप्प. मेकॅनिक म्हणाला होता, "टॅपेट है सर, इंजिन के अंदर का पुर्जा, पुरानी गाडी आहे, आवाज तो करेगीच." पण फोपनारला आमच्या शेतात डिझेलचा पंप होता. त्याच्या धुराच्या नळीच्या जोडात धूर अडवायला बसवलेली पट्टी, म्हणजे गॅस्केट, जळालं, की तोही असाच टिकटिकायचा आणि जोडापाशी काजळी धरायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी मी बॉनेट उघडलं. इंजिनातून धूर जिथे मॅनिफोल्डच्या नळ्यांत शिरतो, त्या जोडावर एका कोपऱ्यात काळा पट्टा होता. दाढीचा ब्रश आणला, जोडावर फेस माखला आणि गाडी सुरू केली. बाकीचा फेस जागेवर राहिला. त्या कोपऱ्यातला फुकफुक करत उडून गेला.

म्हणजे गाडी तापून आवाज थांबला तरी धूर बॉनेटखाली साचत होता, ब्लोअर तो ओढून आत सोडत होता, आणि आम्ही काचा लावून बसत होतो. मी बायकोला बरं करायला नेत होतो आणि वाटभर धूर पाजत होतो. मला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

तिला सांगितलं, तर म्हणाली, "मले न्यायसाठी तुमी काहीपण सांगता." पुढची तारीख परवाची होती.

मेकॅनिकला घरीच बोलावलं. त्याने काळा पट्टा पाहिला, वरमला, आणि म्हणाला, "अभी पेस्ट भरून देतो, काम चल जायेगा."

"चल नाही जायेगा!" मी इतक्या जोरात ओरडलो की आई बाहेर आली.

मग त्याने जोड खोलायला घेतला. नट गंजून बसले होते. तेल सोडून वाट पाहिली, पुन्हा तेल सोडलं. एक नट हलेचना, तेव्हा मी पायरीवर बसून तोंड झाकून रडलो. शेवटी तो सुटला. जुनं गॅस्केट निघालं ते एका भोकापाशी जळून तुटलेलं, हातात चुरा होणारं. जागा खरवडून साफ केली, नवं बसवलं, नट मधून सुरुवात करून कडेकडे आवळत नेले. सकाळी थंड गाडी सुरू केली. टिकटिक नव्हती, फेस हलला नाही.

"एकदाच बस," मी बायकोला हात जोडले. "त्रास झाला तर इच्छापूरहून परत फिरू."

ती मागे बसली. मी काचा खाली केल्या. आई ओरडली, "वारा लागीन तिले!" मी निघालो.

इच्छापूर गेलं. मी आरशात बघत होतो, विचारायची हिंमत नव्हती. मुक्ताईनगर गेलं. ती डोळे मिटून होती, रुमाल सैल होऊन खांद्यावर आला होता. मग डोळे उघडून म्हणाली, "अहो, भूक लागली. डबा आणला का?"

डबा नव्हता. त्या रस्त्यावर तिला अन्न नको व्हायचं, म्हणून आम्ही डबा भरणंच सोडलं होतं. पुढे एका हातगाडीपाशी थांबलो आणि केळीच्या मुलखातल्या माणसाने जन्मात पहिल्यांदा केळी विकत घेतली. एक सोलायला घेतलं, पण मला नीट सोलताही येईना. तिने माझ्या हातातून केळं घेतलं आणि स्वतःच सोललं.

"पुढच्या खेपेले डबा घेऊन येऊ," ती म्हणाली.