काकूंच्या कपाळावरचा गुलाल
परवा नाशिकला आमच्या कॉलनीतून विजयी मिरवणूक गेली आणि गुलालाचा वास जिन्यापर्यंत आला, तेव्हा मला माझ्या चुलतसासू आठवल्या. सटाण्याकडच्या आमच्या नगरपालिकेच्या गावात त्या नगराध्यक्षपदाला उभ्या राहिल्या, तेव्हा घरचेच हसले होते. विधवा बाई, शिक्षण चौथी, कोण मत देणार? "काकू, डिपॉझिट वाचलं तरी पेढे वाटू," दीर म्हणायचे. काकू महिनाभर दारोदार फिरल्या आणि निवडून आल्या. मिरवणूक घरी पोचली तेव्हा औक्षणाचं ताट माझ्या हातात होतं. मी नवी सून. कुंकवात बोट बुडवून हात वर नेला, तोच मागून सासूबाई हळूच म्हणाल्या, "नुसतं ओवाळ." हात तसाच थांबला. गावानं उधळलेला गुलाल घामाबरोबर काकूंच्या भुवयांपर्यंत ओघळला होता. त्यांनी माझ्या बोटाकडे पाहिलं. "लाव की पोरी, आज तसंबी कपाळ लालच हाय," त्या म्हणाल्या. मी बोट पदराला पुसलं आणि नुसतं ओवाळलं. काकू आत गेल्या आणि मोरीत बराच वेळ तोंड धूत राहिल्या. बाहेर ताशा वाजतच होता. आता त्या नाहीत. माझे यजमान गेले त्यालाही दोन वर्षं झाली. यंदा वाढदिवसाला ओवाळताना सुनेचं बोट माझ्या कपाळापाशी असंच थांबलं. मी तिला "लाव" म्हणाले नाही. मागूनही न मिळाल्यावर चेहरा कसा होतो, ते मी पाहिलेलं आहे.