नदीतलं रेडकू

वडिलांची सगळी हयात देवणीत गुरांमागं गेली. यंदा मी त्यांना आफ्रिकेतलं अभयारण्य दाखवायला नेलं. आम्ही होडीतून नदी बघत होतो. समोर रानम्हशींचा कळप पाण्यात उतरला. एक रेडकू मागं राहिलं आणि मगरीनं त्याला धरलं. सगळ्यांनी मोबाईल उचलले. वडील मात्र उभे राहून, पंचा फिरवत मगरीवर ओरडले. वाटाड्यानं दटावलं कुणाला, तर त्यांना! इथं मध्ये पडायचं नाही म्हणे. रेडकू गेलं. म्हैस काठावर रेकत राहिली.

संध्याकाळी हॉटेलात वडिलांनी ताट पालथं घातलं. आमच्याकडं गोठ्यातलं जनावर दगावलं की त्या दिवशी चूल पेटत नाही.

"आबा, ते काही आपलं नव्हतं," मी वैतागून म्हणालो.

"हाव, आपलं न्हाई. पण गेलं तर आपल्या डोळ्यांदेखत गेलं ना?"