'लव्ह' म्हणायचं नाही

आमच्या ड्यूजबरीत 'लव्ह' हा शब्द प्रेमासाठी वापरत नाहीत. प्रेमाबद्दल बोलायला यॉर्कशरची माणसं लाजतात. 'लव्ह' म्हणायचं ते बसच्या ड्रायव्हरला, दात उपटणाऱ्या डॉक्टरला, पार्किंगचा दंड ठोकणाऱ्यालासुद्धा. फक्त तिथे जरा दातओठ खाऊन. माझी शेजारीण ग्लेंडा ओल्डरॉइड हिचं तर एकही वाक्य या शब्दाशिवाय पुरं होत नाही. ती शाळेच्या जेवणघरात वाढायचं काम करायची. निवृत्त झाल्यावर ती दुसऱ्यांच्या मुलांची पालक झाली. आईबापांकडे राहता येत नाही अशी मुलं कौन्सिल, म्हणजे इथली नगरपालिका, एका एजन्सीमार्फत तिच्याकडे ठेवते. सध्या होती टेगन, नऊ वर्षांची. आधीची बरीच घरं तिला सोडावी लागली होती.

सगळं ठीक चाललं होतं, तोवर एजन्सी लंडनच्या एका कंपनीने विकत घेतली आणि ऑलिव्हर पेनरोज हा नवा मॅनेजर आला. तो मुलाला 'प्लेसमेंट' म्हणायचा आणि मिठीला 'शारीरिक दिलासा'. त्याने घरातली प्रत्येक जोखीम तपासली. टेगनचा गिनीपिग 'मध्यम' ठरला. ग्लेंडा 'जास्त' ठरली.

"लाडाच्या शब्दांनी मर्यादा पुसट होतात, मिसेस ओल्डरॉइड. मुलीला फक्त नावाने हाक मारा."

"बरं, लव्ह," ग्लेंडा म्हणाली.

त्याने तेही टिपून घेतलं.

त्याच आठवड्यात ग्लेंडाने एजन्सी बदलायचं ठरवलं. गालिच्यांच्या दुकानावरच्या एका छोट्या एजन्सीतल्या बाईने तिला पहिला प्रश्न विचारला, "पोरीला जेवायला काय आवडतं?" ग्लेंडाला तेवढं पुरलं. अडचण एकच होती. पालकाने कुठेही जावं, पण मूल सोबत जाणार की नाही, हे कौन्सिल ठरवतं. आणि कौन्सिल जुन्या एजन्सीचंही मत घेतं. ऑलिव्हरने तोंड वाकडं केलं, तर टेगनला पुन्हा नवं घर.

म्हणून कौन्सिलची निर्णयाची बैठक होईपर्यंत नियम पाळायचा, अशी ग्लेंडाने शपथच घेतली. "टेगन, बूट घाल." "टेगन, वाटाणे संपव." 'लव्ह' ओठांवर आला की ती खोकायची. गल्लीत सगळ्यांना वाटलं, हिची छाती भरली.

बैठक ग्लेंडाच्याच स्वयंपाकघरात झाली. कौन्सिलकडून नुसरत महमूद आली होती. ती शेजारच्या बॅटलीत जन्मलेली, आणि निर्णय तिच्या हातात होता. ऑलिव्हर खुशीत होता.

"मिसेस ओल्डरॉइडनी आता अंतर राखायला सुरुवात केली आहे. आमच्या देखरेखीचंच हे फळ. म्हणजे मुलीला आमच्याकडेच ठेवणं योग्य."

ग्लेंडाच्या हातातली किटली थांबली. नियम मोडला तर पोर जाणार, आणि पाळला तरी जाणार!

"पोरीला विचारूया की," म्हणत नुसरत उठली आणि तिने दार उघडलं. टेगन जिन्यावर कोट घालून बसली होती. बाजूला कपड्यांनी फुगलेली कचऱ्याची काळी पिशवी, मांडीवर गिनीपिगचा पिंजरा.

"कुठे निघालीस गं?"

"तुम्हाला माहीत असेल ना. तुम्हीच हलवणार मला."

"कोण म्हणालं तसं?"

"कोणी सांगत नाही. पण ग्लेंडा आता मला टेगन म्हणते." तिने नाक पुसलं. "हलवायच्या आधी सगळे असंच बोलतात. नीट. नावाने."

ग्लेंडाने किटली आदळली. "अगं, खोकला होता तो! लव्ह, नुसता खोकला होता! इकडे ये बघू, लव्ह. काढ तो कोट."

"पाहिलंत? पुन्हा..." ऑलिव्हर म्हणाला.

"पाहिलं," नुसरत म्हणाली. "ग्लेंडा, तू एजन्सी बदल. मुलगी तुझ्याकडेच राहील. तसं मी कळवते." मग ती ऑलिव्हरकडे वळली. "एवढी पिशवी वर नेऊन ठेवतोस का, लव्ह?"

याबद्दल कंपनीचा काही नियम आहे का, हे ऑलिव्हरला क्षणभर आठवेना. त्याने पिशवी उचलली. मध्यम जोखमीचा गिनीपिग मात्र टेगनने स्वतःच वर नेला.