आहुपे, खोडद आणि हातातले दोन राजे

फोटो कुठे आहेत, असं विचारू नका. शेवटपर्यंत वाचलंत की कळेल.

कॉलेजचा माझा मित्र दत्तू पिंपळवंडीत शेती करतो. "लई दिस झालं, ये की राव," असा त्याचा फोन आला आणि शनिवारी पहाटेच मी मोटरसायकल काढली. निघताना बायकोनं, म्हणजे माधुरीनं, भिशीच्या पैशांतून घेतलेला नवाकोरा डिजिटल कॅमेरा माझ्या गळ्यात अडकवला. "जपा हं. आणि दत्तूभावजींकडे पत्त्यांना हात लावायचा नाही, माझी शपथ आहे." गेल्या दिवाळीत तीन पत्तीत मी सासऱ्यांनी दिलेलं घड्याळ घालवलं होतं. मुकाट्यानं देवासमोर हो म्हणालो.

मंचरला मिसळ खाल्ली. पंधरा रुपयांत तर्री हवी तेवढी! पेट्रोलही इथेच भरा, पुढे पंपाचा भरवसा नाही. डावीकडे वळून घोडेगाव, डिंभे धरण आणि मग आहुप्यापर्यंत नुसते खड्डे. देवराईत भरदुपारी अंधारलेलं होतं. काठी टेकत आलेले एक आजोबा म्हणाले, "पान तोडू नका, पावणं. हितलं काय बी घरी न्यायचं नाय." मी चटकन हात खिशात घातले. कड्यावरून खाली कोकण दिसतं, पण मी कडेपासून दोन हात लांबच उभा राहिलो. कॅमेऱ्याचा पट्टा मनगटाला दोन वेढे देऊनच फोटो काढले.

मुक्काम दत्तूकडे. रविवारी सकाळी खोडदच्या रेडिओ दुर्बिणींच्या भल्यामोठ्या तबकड्या रस्त्यावरूनच पाहिल्या. दुपारी निशावहिनींनी मासवडी आणि भाकरी वाढली. हात धुतोय तोवर दत्तूनं ओसरीवर सतरंजी टाकली. जुन्नरचे व्यापारी रफीकभाई, दत्तूचे जिवलग, तेही येऊन टेकले.

"ही तीन पत्ती न्हाई," दत्तू म्हणाला. "पोकर हाय. तुझी शपथ मोडत न्हाई."

आणि मी गाढवानं ते मानलं. प्रत्येकाला दोन झाकली पानं, मधे सगळ्यांची मिळून पाच, ती टप्प्याटप्प्यानं उघडायची, आणि वाटेल तेवढं लावायची मुभा. पैशांऐवजी चिंचोके. चौथ्या डावात पानं उचलली आणि चटकन छातीशी धरली. इस्पिकचा राजा आणि बदामचा राजा!

खरं तर तिथेच दणकून लावायचं. पण माझा हात तीन पत्तीचा. भारी पान आलं की गरीब तोंड करायचं, बारीक चाल द्यायची, सगळ्यांना आत ओढायचं. मी दोनच चिंचोके सरकवले. दोघंही आनंदानं आत आले.

मधली पहिली तीन पानं उघडली. एक्का, सत्ती, तिर्री.

राजाच्या वरचा एक्का बघून मी माझी पानं पुन्हा एकदा तपासली. रफीकभाईंनी पानं टाकली. दत्तूनं ढीगच लोटला. माझे सगळे चिंचोके घातले तरी पुरत नव्हते.

"कमी पडतंय? कॅमेरा ठेव की. का भ्यालास?"

पोकरमध्ये समोर आहे तेवढंच लावतात, हे मला नंतर कळलं. तीन पत्तीत घड्याळही चालतं, म्हणून मी गळ्यातून कॅमेरा काढला. वहिनी दारात उभ्या राहून बघत होत्या. उरलेली दोन पानं माझ्या कामाची नव्हती. दत्तूनं एक्का आणि चौकी उघडी टाकली. मधल्या एक्क्यासकट त्याची एक्क्यांची जोडी झाली, माझे राजे हरले आणि कॅमेरा गेला.

"पावणं," रफीकभाई हळहळले, "आदीच दाबून लावलं असतं, तर चौकी घेऊन ह्यो बसला असता व्हय? तुमीच त्याला स्वस्तात आत घेतलं."

निघताना वहिनींनी भुईमुगाच्या शेंगांची शिवलेली पिशवी दिली. "माधुरीताईंच्याच हातात द्या. वाटंत उघडू नका." पिशवी जड लागली. शेंगा ओल्या असतील, म्हटलं.

नारायणगाव, मंचर, चाकण, सगळा रस्ता माधुरीचाच चेहरा समोर. ट्रकचीसुद्धा एवढी भीती वाटली नाही. काय सांगू? कसं सांगू? राजगुरुनगरला चहा घेतला, तोही अर्धा टाकून उठलो.

"कॅमेरा कुठेय?" दारातच प्रश्न.

"अगं, आहुप्याला कड्यावरून दरीत पडला. मीच जायचो, थोडक्यात वाचलो."

तिचा चेहरा पांढरा पडला. तिनं माझे दोन्ही हात घट्ट धरले. "मरू दे तो कॅमेरा. तुम्ही धड आलात ना!"

तिथेच खरं बोलायला हवं होतं. मी मान खाली घातली.

मग तिनं पिशवीची शिवण उसवली आणि शेंगा परातीत ओतल्या. खणकन आवाज आला.

तिनं कॅमेरा उचलला, पदरानं माती पुसली, आणि आत निघून गेली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

आहुप्याला जरूर जा, देवराई चुकवू नका. फोटो सुरेख आलेत, असं शेजारच्या काकूंकडून कळलं. मला तिनं अजून दाखवलेले नाहीत.